२००५ ची पोयाक, शेवटची बाटली : आता उघडू की अजून मुरू देऊ?

तुलूझकर
४ नोव्हेंबर २०२५, २२:१५

मंडळी, एक घरगुती पेच पडलाय. आमची लेक २००५ ची. इकडे फ्रान्समध्ये पद्धत आहे की मूल ज्या वर्षी जन्मतं त्या वर्षाच्या द्राक्षांची वाइन घेऊन ठेवायची आणि मूल मोठं झालं की एकेक उघडायची. ऑफिसातल्या लोकांनी चढवलं, मी चढलो. २००९ मध्ये गाडी काढून तुलूझहून बोर्दो आणि तिथून नदीच्या कडेकडेने वर पोयाक गावाला गेलो, आणि एका शॅटोची (म्हणजे स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची वाइन करणारं ठिकाण; नाव राहू दे, पाचव्या श्रेणीतला आहे, फार बडं प्रस्थ नाही) सहा बाटल्यांची लाकडी पेटी घेऊन आलो. नशिबाने २००५ हे साल तिकडे फार गाजलेलं निघालं. उन्हाळा कोरडा, द्राक्षं बारीक आणि जाड सालीची.

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात प्रत्येक फ्लॅटला एक अंधारी खोली आहे, तिला काव्ह म्हणतात, पेटी तिथेच आडवी पडून आहे. दर तीन वर्षांनी एक उघडायची असं ठरवलं होतं आणि चक्क पाळलं. एका वहीत लिहूनही ठेवलंय. तेच इथे उतरवतो.

२००९ : रंग जवळजवळ काळा, कडेला जांभळा, ग्लासाला डाग. वास करवंद-जांभळाचा आणि वर नव्या लाकडाचा. घोट घेतला आणि जीभ कोरडी ठाक, काथाची वडी चघळल्यासारखी. बायको म्हणाली चाळीस युरोत हे?

२०१२ : काहीच नाही. वासच येईना. तोंड फुगवून बसलेल्या माणसासारखी. जेवण संपलं तरी बोलली नाही. मला वाटलं संपलं, फसलो.

२०१५ : परत आली! फळ होतं पण आता मागे सरकलेलं, पुढे पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तो वास. तुरटपणा होता पण टोचत नव्हता.

२०१८ : कडेला लालसर विटकरी छटा. चामडं, तंबाखू, सुकं अंजीर. बाटलीच्या तळाला साका दिसायला लागला.

२०२१ : माझ्या मते सगळ्यात भारी. घोट गिळल्यावर मिनिटभर तरी तोंडात काहीतरी चालू होतं. काय ते नीट सांगता येत नाही, ओल्या पाचोळ्यावरून चालल्यासारखं.

उरली एक. नियमाने २०२४ ला उघडायची होती, पण लेक परीक्षेत होती म्हणून राहिली. डिसेंबरात ती घरी येतेय, विसावं सरलेलं असेल. आता उघडू की २०३० पर्यंत थांबू? २०२१ पेक्षा चांगली होईल की उतरलेली असेल? अनुभवी लोकांनी सांगा. न पिणाऱ्यांनीही सांगा.

उगाच
४ नोव्हेंबर, २२:३१

पत्ता द्या. मत प्रत्यक्ष येऊन देतो.

सातपुडा
४ नोव्हेंबर, २२:५०

एक भाबडा प्रश्न. जुनी जास्त चढते ना? आमच्याकडे तर जुनी म्हणजे कडक असंच म्हणतात.

रसायनवाला
४ नोव्हेंबर, २३:२२

सातपुडा, नाही चढत. अल्कोहोल जेवढं बाटलीत भरताना होतं तेवढंच राहतं, १३ टक्के असेल तर वीस वर्षांनीही १३. आंबटपणाही फारसा हलत नाही. बदलतात ते रंग, तुरटपणा आणि वास.

तुरटपणा म्हणजे टॅनिन. द्राक्षाची साल, बिया आणि ज्या ओकच्या पिंपात वाइन दीड-दोन वर्षं ठेवतात ते लाकूड, इथून ते येतं. आपल्या लाळेत प्रथिनं असतात, त्यांनी जीभ बुळबुळीत राहते. टॅनिन त्या प्रथिनांना पकडून त्यांचा चोथा करतं, वंगण गेलं की जीभ खरखरीत. कोरा चहा जास्त उकळला की हेच होतं आणि दूध घातलं की तुरटपणा का पळतो याचंही कारण हेच, टॅनिनला पकडायला दुधातली प्रथिनं मिळतात, तुमची लाळ वाचते. म्हणून कोवळी बोर्दो नुसती पिऊ नये, मटण किंवा जुन्या चीजबरोबर घ्यावी.

रंगाचं म्हणाल तर तो जांभळा रंग अँथोसायनिनचा. जांभळात, कोकमात तोच गट. सुटा अँथोसायनिन फार टिकत नाही, पहिल्या काही वर्षांत बराचसा संपतो किंवा टॅनिनला जाऊन चिकटतो. या जोडगोळीचा रंग जांभळा नसतो, तांबूस-विटकरी असतो, पण पक्का असतो. काही रेणू इतके जड होतात की विरघळून राहत नाहीत, खाली बसतात. तुमचा साका तोच. म्हणजे बाटली जसजशी फिकी होते तसतसा रंग अक्षरशः तळाला जमा होतो.

शाळेत शिकवतात तसं 'टॅनिन वाढत वाढत मोठं होतं आणि पडतं' एवढं सरळ नाही मात्र. साखळ्या तुटतातही आणि पुन्हा वेगळ्या जुळतातही, आम्लामुळे. मऊपणा नेमका कशाने येतो यावर अजून वाद आहेत.

चिंचगुळी
५ नोव्हेंबर, ०७:४०

मी थेंबही घेत नाही पण वाचून मजा आली. तुलूझकर, तुम्ही लिहिलंय ते तर लोणच्याचंच झालं की. नवं लोणचं करकरीत, खार वेगळा फोड वेगळी. मग महिन्या-दोन महिन्यांत एक दिवस असा येतो की ते ना धड ताजं ना धड मुरलेलं, कोणी ताटात घेत नाही. मग मुरतं. दुसऱ्या वर्षी काय लागतं! पण माझ्या सासूबाई सांगायच्या, मुरण्यालाही मर्यादा असते, चौथ्या वर्षी फोड गळते आणि नुसता खार उरतो. बरणी उघडली की वास येतो तो मसाल्याचा, आंब्याचा नाही.

चिंचेचंही तसंच. नवी चिंच तांबूस, जुनी काळी कुळकुळीत. नवी बाधते म्हणून आम्ही वर्षाची झाल्याशिवाय वापरत नाही.

त्यामुळे माझं मत, उघडा. लेक समोर असताना उघडा.

तुलूझकर
५ नोव्हेंबर, ०९:०५

चिंचगुळी, 'ना धड ताजं ना धड मुरलेलं' हे माझ्या २०१२ च्या बाटलीचं शंभर टक्के वर्णन आहे. इथले लोक त्याला बंद झालेली वाइन म्हणतात. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराने तेव्हा खांदे उडवून सांगितलं होतं, ती झोपलीय, उठवू नका.

नळस्टॉप
५ नोव्हेंबर, ११:१८

स्पष्ट बोलतो, राग नको. हे चामडं, तंबाखू, पाचोळा वगैरे सगळं लेबल वाचल्यावर सुचतं. डोळ्यावर पट्टी बांधून द्या, दोनशे रुपयाची आणि वीस हजाराची यात किती जण फरक सांगतील? आणि चामड्याचा वास आलेलं पेय मी पैसे देऊन का प्यावं हा दुसरा मुद्दा. श्रीमंतांचे चोचले आहेत, पुण्यात आता त्यावर क्लास निघालेत.

उगाच
५ नोव्हेंबर, ११:२४

नळस्टॉप, चामड्याचा वास हवा असेल तर कोल्हापुरी घ्या. स्वस्त पडेल, पायातही घालता येईल.

लंडनचा_पाऊस
५ नोव्हेंबर, १४:५५

नळस्टॉप यांचं अर्धं बरोबर आहे. स्वस्त-महाग डोळे झाकून ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. पण कोवळी आणि वीस वर्षांची यातला फरक कोणालाही कळतो, ज्याने आयुष्यात वाइन घेतली नाही त्यालाही. आवडेल की नाही ते वेगळं. माझ्या साडूला एकदा बोर्दोची १९९० ची दिली, तो म्हणाला 'ही उघडून ठेवली होती का?' त्याला फळ हवं होतं, ते कधीच गेलेलं. जुनी म्हणजे चांगली हे गृहीतच चूक आहे, जुनी म्हणजे वेगळी. आणि जगातल्या बहुतेक बाटल्या तर एक-दोन वर्षांत संपवायच्याच असतात, ठेवून काही होत नाही. बोजोले नूव्हो ही कोवळी फ्रेंच वाइन तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि पुढच्या काही महिन्यांत प्यायची.

आता तुमच्या बाटलीबद्दल. पोयाक म्हणजे कॅबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं जास्त, साल जाड, टॅनिन भरपूर, म्हणजे टिकाऊ मामला. गॅरोन-दोर्दोन्य नद्यांच्या पलीकडे, उजव्या काठाला मेर्लो ही जात जास्त, ती एरवी थोडी लवकर मऊ होते. २००५ साल दोन्हीकडे उत्तम आणि पोयाकचं बंद होऊन बसणारं. तुमच्या शॅटोचा नीट ठेवलेला माल २०३० च काय पुढेही जाईल. पण 'नीट ठेवलेला' हा शब्द महत्त्वाचा. तळघरात उन्हाळ्यात किती तापमान असतं?

आणि बाटली उजेडासमोर धरा, वाइनची पातळी कुठे आहे बघा. मानेत असेल तर निर्धास्त. खांद्याच्या खाली उतरली असेल तर उद्याच उघडा.

तुलूझकर
५ नोव्हेंबर, १९:३०

आत्ताच खाली जाऊन टॉर्च मारून आलो. पातळी मानेच्या बुडाशी आहे. तापमान हिवाळ्यात ११, ऑगस्टात मी मोजलेलं सगळ्यात जास्त १९. बाहेर तेव्हा ३८ होतं.

लंडनचा_पाऊस
५ नोव्हेंबर, १९:५२

१२-१३ कायम असतं तर पुस्तकी आदर्श. ११ ते १९ म्हणजे थोडी घाईने वय झालेलं असणार पण वर-खाली हळूहळू झालंय म्हणून चालून जाईल. रोजच्या रोज वर-खाली होणं जास्त वाईट.

द्राक्षबागायती
५ नोव्हेंबर, २१:१०

नाशिकहून नमस्कार. दिंडोरी भागात वाइनची द्राक्षं लावतो, म्हणून दोन शब्द. लोक मला फोन करून विचारतात, तुमची शिराझ घेऊन दहा वर्षं ठेवली तर भारी होईल का. मी सांगतो, बाबा, यंदाच पी. आमच्याकडे काढणी जानेवारी ते मार्च, पुढे लगेच उन्हाळा, आणि वाइन जाते कुठे तर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर. फ्रिजच्या वर मोटरची गरमी आणि थरथर दोन्ही.

एकदा नागपूरच्या एका पाहुण्यांनी मोठ्या कौतुकाने शोकेसमधली बोर्दो दाखवली, जावयाने आणलेली, सहा वर्षं उभी, वर दिवा. बूच दोन मिलिमीटर वर आलेलं आणि मानेवरून चिकट ओघळ. उघडली तर उकळलेल्या मनुकांचं पाणी. बिचारे म्हणाले, छान मुरलीय. मी काय बोलणार. उष्णतेने वाइन फुगते, बूच ढकलते, थंड झाली की आत हवा ओढते, मे महिन्यात हे रोज एकदा. ते मुरणं नव्हे, ते करपणं.

सातपुडा
५ नोव्हेंबर, २१:२६

बाप रे. मग माझ्या आजोबांची स्कॉच १९८८ पासून कपाटात आहे तिचं काय?

लंडनचा_पाऊस
५ नोव्हेंबर, २१:३३

तिचं काहीच नाही. व्हिस्की पिंपात मुरते, बाटलीत भरली की वय थांबतं. बारा वर्षांची १९८८ ला भरली तर आजही बाराचीच. सीलबंद असेल तर खुशाल प्या.

उगाच
५ नोव्हेंबर, २१:३४

माझंही वय कोणीतरी बाटलीत भरा रे.

बखरकार
६ नोव्हेंबर, ००:४७

हे मुरवण्याचं कौतुक फार प्राचीन नाही बरं का. मध्ययुगात बोर्दोहून इंग्लंडला पिंपंच्या पिंपं जायची आणि नव्या वाइनला भाव जास्त, जुन्याला कमी. कारण पिंपात हवा लागून वर्षभरात ती आंबायचीच. रंगही आजच्यासारखा गडद नव्हता, फिका, म्हणून तर तिला क्लॅरेट (मूळ अर्थ फिकट) हे नाव पडलं.

मग सतराव्या शतकात इंग्रजांनी दगडी कोळशाच्या भट्टीत जाड, मजबूत काचेच्या बाटल्या करायला सुरुवात केली, आणि बूच आलं. पण बाटल्या सुरुवातीला कांद्यासारख्या बुटक्या गोल, आडव्या रचताच येत नसत. अठराव्या शतकात त्या हळूहळू उंच-सरळ झाल्या, मग आडवी ठेवून बूच ओलं राखायचं तंत्र जमलं आणि वाइनला म्हातारपण मिळालं. म्हणजे आपण ज्याला परंपरा म्हणतो तिचं मूळ काचकामात आहे.

१८५५ ची श्रेणी, जिच्यात तुलूझकरांचा शॅटो पाचवा आहे, ती तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभाव बघून लावली. त्यानंतर मोठा बदल एकच, १९७३ मध्ये मूतों रोथशिल्ड दुसरीतून पहिलीत गेला. त्याच मूतोंच्या फिलिप द रोथशिल्डने १९२४ मध्ये आपली सगळी वाइन शॅटोवरच बाटलीबंद करायला घेतली. तोवर बराचसा माल पिंपातून शहरातल्या व्यापाऱ्यांकडे जायचा, ते भरायचे, आत काय मिसळलं देव जाणे.

आणि जुन्या बाटल्यांचा धंदा म्हणाल तर मजाच मजा. १९८५ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात १७८७ ची लाफीत म्हणून एक बाटली १,०५,००० पौंडांना गेली, वर थॉमस जेफरसनची आद्याक्षरं कोरलेली. घेतली फोर्ब्ज घराण्याने. प्रदर्शनात उभी करून वर दिवे सोडले, बूच सुकलं आणि आत पडलं! नाशिककरांच्या नागपूरच्या पाहुण्यांना सांगा, मोठी सोबत आहे. पुढे ती अक्षरं खरी की खोटी यावरच कोर्टबाजी झाली.

ओळमी
६ नोव्हेंबर, ०८:१२

बखरकार, खोट्यावरून आठवलं, तो कॅलिफोर्नियाचा रूडी कुर्नियावान. बर्गंडीच्या पोंसो घराण्याची क्लो सां-दनी, वर्षं १९४५ वगैरे, अशा त्याच्या बाटल्या २००८ मध्ये न्यूयॉर्कला लिलावाला आल्या, आणि खुद्द लोराँ पोंसो विमानाने तिथे हजर, म्हणाले आमच्या घराने ही वाइन १९८२ च्या आधी केलेलीच नाही! घरातच लेबलं चिकटवायचा तो, दहा वर्षांची शिक्षा झाली. गंमत अशी की त्याची भेसळ पिऊन मोठमोठे लोक वाहवा करत होते. नळस्टॉप, हा मुद्दा तुम्हाला भेट.

मी गोव्याची. आमच्याकडे वाइन म्हटलं की गोड पोर्ट, ती चुलत्यांच्या कपाटात कितीही वर्षं राहते. तुलूझकर, तुम्ही पाचोळा म्हणालात ना, मला वाटतं तो वास ओळमीचा असणार. श्रावणात रानातून पानात बांधून आणतात ती अळंबी, पान सोडलं की जो वास येतो, माती, ओलं लाकूड आणि जरासं मांसल. मी बर्गंडीतल्या बोनला एका मैत्रिणीकडे जुनी पिनो न्वार (तिकडची लाल वाइन) घेतली होती, पहिल्याच वासाला मी म्हटलं अगो, ओळमी! तिला काय कळेना.

नळस्टॉप
६ नोव्हेंबर, ०९:४०

भेट स्वीकारली. फ्रेम करून लावतो.

पण ओळमी, तुमचं वर्णन वाचून पहिल्यांदा वाटलं की असू शकेल. लेबलावर ओळमी लिहिलेलं नसणार.

रसायनवाला
६ नोव्हेंबर, १०:०५

अवांतर पण राहवत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात बोर्दोच्याच पेत्र्यूस या महागड्या वाइनच्या, २००० सालच्या, १२ बाटल्या अंतराळ स्थानकावर पाठवल्या होत्या, १४ महिने वर राहून जानेवारी २०२१ मध्ये परत. मार्चमध्ये बोर्दोच्या संस्थेत चाखल्या, शेजारी जमिनीवर राहिलेली तीच वाइन. एका जाणकार बाईंचं म्हणणं, वरची दोन-तीन वर्षं जास्त वयाची वाटली. एकदोन बाटल्यांवरून मी काही सिद्ध झालं म्हणणार नाही.

बुचाबद्दल एक. त्यातून हवा येते, पण फार म्हणजे फारच थोडी. आणि मोठ्या बाटलीला, दीड लिटरच्या मॅग्नमला, बूच जवळपास तेवढंच पण वाइन दुप्पट, म्हणून ती सावकाश मुरते. तुमच्याकडे मॅग्नम असती तर मी म्हटलं असतं थांबा.

सातपुडा
६ नोव्हेंबर, १०:३०

म्हणजे मत काय? उघडायची?

द्राक्षबागायती
६ नोव्हेंबर, १३:१५

सहा असत्या तर थांबा म्हटलं असतं. एक उरली की ती वाइन राहत नाही, मूर्ती होते. मग पूजा चालू, आणि एक दिवस विसर्जन सिंकमध्ये. उघडा.

उघडताना मात्र काळजी. दोन दिवस आधी बाटली उभी करा, साका खाली बसू दे. वीस वर्षांचं बूच ठिसूळ असतं, साधा स्क्रू घातला तर तुकडे होतात. दोन पात्यांचा ओपनर मिळतो, बुचाच्या दोन्ही बाजूंनी पाती खाली सरकवायची आणि पिळत वर ओढायचं, तो घ्या. मग मानेखाली मेणबत्ती किंवा टॉर्च धरून एकाच धारेत दुसऱ्या भांड्यात ओता, काळी रेघ मानेपाशी आली की थांबा. आणि तासन् तास उघडी ठेवू नका. कोवळीला हवा दिली तर सुधारते, म्हातारीला दिली तर वीस मिनिटांत सगळं बोलून गप्प होते.

लंडनचा_पाऊस
६ नोव्हेंबर, १६:४४

शेवटच्या वाक्याला सुधारणा. २००५ ची पोयाक वीस वर्षांत म्हातारी नाही, पन्नाशीतली समजा. तासभर हवा चालेल, किंबहुना लागेल. आधी एक घोट चाखा आणि ठरवा. हां, आणि बूच काढल्यावर कुबट, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो मुरण्याचा नव्हे, बुचाचा दोष, टीसीए. कितीही हवा द्या, जात नाही. त्याची मानसिक तयारी ठेवा, शंभरात दोनचार निघतातच.

चिंचगुळी
६ नोव्हेंबर, १७:२०

काय हो भिववता माणसाला. शुभ बोला.

नळस्टॉप
७ नोव्हेंबर, १२:०२

माझी एक अट. उघडाल तेव्हा लेकीला आधी वास द्या, तुमची वही न दाखवता, काही न सांगता. ती काय म्हणते ते इथे जसंच्या तसं लिहा. तिनेही चामडं म्हटलं तर मी जाहीर माघार घेईन.

तुलूझकर
७ नोव्हेंबर, २२:४०

अट मान्य. डिसेंबरात भेटू.

(मधले गाजर हलवा आणि कुकरच्या शिट्ट्या यावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत – संपादक)

तुलूझकर
२७ डिसेंबर, १६:०८

मंडळी, उघडली. उशीर झाला, घरात पाहुणे होते.

दोन पात्यांचा ओपनर आणला, तरी माझ्याच हाताने घोटाळा झाला, पाती तिरकी गेली आणि बूच मधोमध तुटलं. खालचा अर्धा तुकडा आत ढकलावा लागला. बायकोने मलमलीचा तुकडा काढला, नुसत्या गरम पाण्यातून दोनदा काढून घेतला (साबणाचा वास नको म्हणून) आणि त्यातून हळूहळू गाळली. मेणबत्ती वगैरे शोभा बाजूलाच राहिली, मी मोबाइलचा टॉर्च धरून उभा. कुबट वास नाही, सुटलो.

रंग मधे अजून लाल, कडेला विटकरी आणि अगदी कडेला केशरी पाण्यासारखी रेघ. पहिला घोट घेतला तर गप्प, थोडी आंबट वाटली, मनात म्हटलं उतरली. पाऊण तासाने परत घेतली तर निराळीच. तुरटपणा होता पण खालच्या बाजूला, रेशमासारखा म्हणणार होतो पण ते सगळेच म्हणतात, म्हणून असं सांगतो, चहाच्या कपाची आतली कड जिभेला लागते तेवढाच. फळ जवळजवळ नाही. सुकी अंजिरं, सिगारच्या पेटीतलं लाकूड, आणि हो, ओळमी, तुमची ओळमी सापडली, नाव कळल्यामुळे की खरंच होती ते सांगता येणार नाही.

२०२१ पेक्षा चांगली? नाही. वेगळी. जास्त शांत. माझी वही म्हणते २०२१, बायको म्हणते हीच.

आता नळस्टॉप यांची अट. लेकीला ग्लास दिला, काही सांगितलं नाही. तिने वास घेतला, थांबली, परत घेतला आणि म्हणाली, 'बाबा, हा पणजीच्या चंचीचा वास आहे.' माझी आजी मिश्री लावायची, चंची होती तिची, चामड्याची, आत तंबाखू. लेक चार वर्षांची असताना साताऱ्याला गेलो होतो तेव्हा तिच्याशी खेळत बसायची. मला स्वतःला ती चंची आठवत नव्हती.

मग एक घोट घेतला आणि म्हणाली, वास छान आहे, पण प्यायला मला ती बोजोले जास्त आवडते. अर्धा ग्लास तिने माझ्या ग्लासात ओतला.

नळस्टॉप
२७ डिसेंबर, १६:३५

चामडं आणि तंबाखू, दोन्ही एका पिशवीत. जाहीर माघार. क्लासबद्दलचं मत मात्र कायम आहे.

ओळमी
२७ डिसेंबर, १७:१०

चंची! वाचताना अंगावर काटा आला.

चिंचगुळी
२७ डिसेंबर, १९:२२

लेकीचं बरोबर आहे हो, विसाव्या वर्षी कोणाला मुरलेलं आवडतं. मला तरी तेव्हा कुठे जुनं लोणचं आवडायचं, सासूबाई वाढायच्या आणि मी ताटाच्या कडेला सारायची.

बरं, तो साका काय केला? टाकला?

तुलूझकर
२७ डिसेंबर, २०:०१

बाटलीतच आहे अजून, दोन बोटं. बायको म्हणतेय मटणाच्या रश्श्यात घालू.

द्राक्षबागायती
२७ डिसेंबर, २०:१४

आधी परत एकदा गाळा. बुचाचा चुरा दातात येतो.

उगाच
२७ डिसेंबर, २०:१६

पत्ता अजून मिळालेला नाही. मटणाचा वार तरी कळवा.